कंपनी बघण्याचा कार्यक्रम

मी अहमदपूरला एका कौशल्य प्रशिक्षण केंद्रात शिकवते असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: काय शिकवता? शिवणयंत्र शिकवायला दुसऱ्या बाई आहेत. संगणकाला एक सर आहेत. माझ्या विषयाचं सरकारी नाव इतकं लांबलचक आहे की फळ्यावर एका ओळीत मावत नाही. थोडक्यात सांगायचं तर नोकरी मागायला गेल्यावर कसं बसायचं, कसं बोलायचं आणि कुठं गप्प राहायचं हे मी शिकवते. मी स्वतः आयुष्यात एकच मुलाखत दिली, ती याच केंद्रात. चालकांनी विचारलं, "उद्यापासून येता का?" मी म्हटलं, येते. एवढ्या भांडवलावर मी आता लोकांच्या लेकींना मुलाखतीचं तंत्र समजावून सांगते.

केंद्र मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्याला, खत-बियाणांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. वर्गात युरियाचा वास असतो. भिंतीवर एक मोठं चित्र लावलेलं आहे, पिवळं हेल्मेट घातलेली एक गोरी मुलगी हातात पाना घेऊन हसतेय. ती कशाला हसतेय असं एका मुलीनं मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि मी तिला खाली बसायला सांगितलं होतं.

हजेरी अंगठ्यावर होते. मुलींनी यंत्रावर अंगठा टेकवायचा, मग दिल्लीला कळतं की अहमदपूरची अमुक मुलगी आज कुशल व्हायला आली आहे. सोयाबीनची काढणी लागली की अडचण होते. सोयाबीन कापून बोटांची सालं निघतात आणि यंत्र मुलीला ओळखत नाही. सकाळी शेतात राबून, एसटीला लोंबकळत वर्गात आलेली मुलगी त्या दिवशी गैरहजर. मी वर कळवलं. वरून उत्तर आलं की उमेदवारांना हात स्वच्छ ठेवण्याविषयी मार्गदर्शन करावं. मी केलं मार्गदर्शन.

परवा नवे कामगार कायदे आले, तेव्हा आम्हाला एक रंगीत पुस्तिकाही आली. मुलींना ती समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे. आता प्रत्येकाला नियुक्तीपत्र मिळणार. बायकांना रात्रपाळी करता येणार, पण त्यांची संमती घेऊनच. आणि कंपन्यांना ठरावीक मुदतीसाठी माणूस ठेवता येणार. हे शेवटचं वाक्य मी जरा उत्साहानं वाचलं, कारण पुस्तिकेत त्याच्याखाली हिरवी रेघ होती. मुली माझ्याकडे बघत राहिल्या. आमच्या भागात ठरावीक मुदतीशिवाय दुसरी नोकरी त्यांनी कुणाची पाहिली असेल असं मला वाटत नाही. माझीच बघा ना, नवीन तुकडी मंजूर झाली की मी मॅडम, नाही झाली की घरी पापड लाटायला मोकळी.

तर मुलाखतीचा सराव. मी टेबलामागं कंपनीचा साहेब होऊन बसते आणि एकेकीला आत बोलावते. पहिल्या तुकडीतली पहिली मुलगी आत आली, ओढणी डोक्यावरून घेतली, वाकून माझ्या पाया पडली आणि खुर्चीच्या कडेवर बसून जमिनीकडे बघायला लागली. मी म्हटलं, "स्वतःविषयी सांगा." तिनं नाव सांगितलं, वडलांचं नाव, गाव, मग मामाचं गाव. "तुमच्या जमेच्या बाजू कोणत्या?" तर म्हणाली, "सगळा स्वयंपाक येतो. शेतातलं बी येतं." मग अगदी हळू म्हणाली, "उभं राहून दाखवू का?"

मी हसले नाही. हसण्यासारखं होतं, पण पोरीला आयुष्यात दुसरी कुठली मुलाखत माहीत होती? पंधरा-सोळाव्या वर्षापासून यांची तयारी त्याच एका मुलाखतीची झालेली असते. तिथं उत्तरं ठरलेली, नजर ठरलेली, आणि निकाल दुसऱ्यांनी चहा पिता पिता लावायचा. मला राग आला तो पोरीचा नाही, त्या पिवळ्या हेल्मेटवालीचा आला.

तेव्हापासून मी एक गोष्ट फार घोकून घेते. म्हणते, बायांनो, मुलाखत संपताना साहेब विचारतो, तुम्हाला काही विचारायचंय का? तेव्हा नाही म्हणायचं नाही. एक तरी प्रश्न विचारायचा. तिथं तुमची किंमत ठरते. हे मी पुस्तिकेत वाचलं होतं की माझ्या मनानं जोडलं हे आता आठवत नाही, पण मुलींना ते फार आवडलं. प्रश्न विचारायचा म्हटलं की त्या एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

गेल्या तुकडीत एक मुलगी होती, अहमदपूरपासून जरा आतल्या गावची. हाताला चपळ आणि तोंडाला फटकळ. नांदेडच्या औद्योगिक वसाहतीत शाळेचे गणवेश शिवणारी एक कंपनी आहे, तिथले लोक आमच्याकडे मुली निवडायला आले आणि त्यांनी तिला पहिल्या झटक्यात निवडलं. राहायला कंपनीचं वसतिगृह. मी पेढे वाटायच्या बेतात होते. पण ती पोरगी जिन्यात माझी वाट अडवून उभी राहिली.

"मॅडम, घरचे म्हणायलेत, न बघता पोरगी कशी धाडायची."

"काय बघायचंय?"

"कंपनी. तात्या म्हणायलेत, आधी कंपनी बघू." तात्या म्हणजे तिचे थोरले चुलते. घरात शब्द त्यांचा. "आन मॅडम, कंपनी त्यांच्या पसंतीला उतरली पायजे बघा. न्हाई तर या उन्हाळ्यात माझं उरकून टाकतेत. दोन स्थळं आताच दारात हायेत."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, पण जिन्याचा कठडा तिनं घट्ट धरला होता. मी म्हटलं, मी स्वतः येते बरोबर. बोलून गेले, आणि मग लक्षात आलं की मी मध्यस्थ झाले. मध्यस्थाचं आमच्याकडं काय होतं हे सर्वांना माहीत आहे. जुळलं तर त्याला एक टोपी, मोडलं तर दोन्हीकडच्या शिव्या.

एका शनिवारी जीप ठरली. तात्या, मुलीचे वडील, मामा आणि मी. मुलगी नव्हती. जिच्यासाठी बघायला जायचं तिनं बरोबर यायचं नसतं, ही रीतच आहे, आणि कंपनीसाठी ती बदलावी असं कुणाच्या मनात आलं नाही. मामांनी नवा फेटा बांधला होता. वडील स्वभावानं मऊ, दर थोड्या वेळानं खिशातली तंबाखूची पिशवी चाचपायचे. वाटेत तात्यांनी माझीही चौकशी करून घेतली. माहेर कुठलं, सासर कुठलं, मालक काय करतात. मग म्हणाले, "मॅडम, तुमची नोकरी कायम हाय का?"

"चालू आहे," मी म्हटलं.

"चालू तर दिसायलीच की," तात्या म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

नांदेडला पोचल्यावर जीप कंपनीच्या फाटकाशी न थांबता समोरच्या पानटपरीशी थांबली. मला वाटलं मामांना पान खायचंय. तर ते टपरीवाल्याला म्हणाले, "का हो, ही समोरची कंपनी कशी हाय? मालक कसा हाय?" सोयरीक करायची तर त्या घराची खबर आधी शेजाऱ्याकडून काढतात, तसं. टपरीवाला चुना लावता लावता म्हणाला, "कंपनी बरी हाय. मालक आम्ही कधी बघितला न्हाई. माणसं येतेत, जातेत." तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मालक दिसत नाही ही गोष्ट त्यांना बरी वाटली नाही. मी घाईघाईनं म्हटलं, "मोठ्या कंपनीत मालक नसतो हो असा बसलेला." तात्या म्हणाले, "मंग घरचं कोण बघतं?"

आत कंपनीचा एचआर आमची वाट बघत होता. सव्वीस-सत्तावीसचा असेल, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. एक मुलगी घ्यायची तर तिच्या घरून इतकी माणसं जीप करून आली हे पाहून तो गांगरला, पण त्यानं ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. त्यानं चहा मागवला. चहा आला, आणि कुणी हात लावला नाही. या घराची रीत मला माहीत होती. बोलणं जुळत नाही तोवर पुढच्याच्या घरचा चहा घ्यायचा नाही. बिचारा एचआर दर दोन वाक्यांनी "घ्या ना, घ्या" म्हणत होता आणि चहावर साय धरत चालली होती.

मग त्यानं सगळं दाखवलं. ओळीनं यंत्रं, यंत्रांमागं ओळीनं बाया. तात्या एका बाईमागं बराच वेळ उभे राहिले. "ही कॉलरच लावायली मघापासून."

"हो, त्यांचं कामच ते," एचआर म्हणाला.

"मंग आख्खा शर्ट कोण शिवतं?"

"आख्खा कुणीच शिवत नाही काका."

तात्यांनी मान हलवली. पुढं वसतिगृह. मामांनी पाण्याची टाकी उघडून बघितली. वडलांनी स्वयंपाकघरात जाऊन वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, वास घेतला आणि पहिल्यांदाच बोलले, "वरण पातळ हाय, पण ताजं हाय." मला हायसं वाटलं. मुलीच्या बापाला वरण पटलं म्हणजे अर्धं काम झालं.

परत कचेरीत बसल्यावर एचआरनं कागद पुढं केले. मी मनात पुस्तिका उघडली. हा नियुक्तीचा कागद, ही मुदत, हा रात्रपाळीच्या संमतीचा. तात्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं. "सही कुठं करायची?"

"नाही काका, सही मुलीची लागते. संमती तिची स्वतःची पाहिजे. तसा कायदाच आहे आता."

तात्यांनी पेनाचं टोपण उघडलं होतं, ते परत लावलं. "तिनं सही करायची?" ते म्हणाले. "मंग आमी कशाला आलो?"

देशाच्या कामगार धोरणाला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. एचआरनं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. जिन्यातली ती पोरगी माझ्या डोळ्यांपुढं आली, आणि वाटलं, संपलं. एका चांगल्या कायद्यानं पोरीची नोकरी घालवली.

तेवढ्यात मामांनी घसा खाकरला. "पाहुणे, तुमचं गाव कोणतं म्हणलात?"

एचआर परभणीकडचा निघाला. मामांनी आडनाव विचारलं. मग गावातली कोणती आळी, मग आजोळ कुठलं. मग असं कळलं की त्याची आत्या मुरूडला दिलेली आहे आणि तिच्या दिराची सोयरीक मामांच्या भावकीत आहे. मामांचा चेहरा उजळला. "अरे, तुमी तर आपल्यातलेच की!" तात्या सरसावून बसले. शेती किती, भाऊ किती, बहिणी उजवल्या का. एचआर सगळ्याची सरळ उत्तरं देत गेला. मुली निवडायला बसणाऱ्या माणसाला आपलीच निवड चालली आहे हे कळत नव्हतं, आणि खरं सांगते, मलाही कळलं नाही. मी फक्त तात्यांचा हात बघत होते. तो हात पुढं गेला, त्यांनी सायीसकट कप उचलला आणि चहा एका दमात प्याले. मागोमाग मामा. मग वडील. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. कंपनी पसंत पडली होती.

परतताना जीपमध्ये मी तात्यांना म्हटलं, "मग पोरीला कधी पाठवता?"

"पाठवायची घाई न्हाई," तात्या म्हणाले. "पोरगा चांगला हाय. शांत हाय. आपल्या पोरीचं त्वांड जरा जास्तीच चालतं, तिला असाच पायजे."

"कोण पोरगा?"

"मॅडम," मामा कौतुकानं म्हणाले, "लई चांगलं स्थळ दावलंत तुमी."

मला जीपमधून उडी मारावीशी वाटली. नोकरीची जागा बघायला गेलेली माणसं नवरा बघून आली होती, आणि वर त्याचं श्रेय मला देत होती. मी त्यांना दोन-तीनदा सांगून पाहिलं की अहो, ती नोकरी, नोकरीचं काय? तर तात्या म्हणाले, "नोकरी करायला लग्नानंतर कुणी न्हाई म्हणायलंय? दोघं एकाच कंपनीत, ते तर आजूक चांगलं." त्यांचा हिशोब बिनतोड होता. त्यात फक्त पोरगी कुठं बसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं. तिला राग येईल, रडेल, असं वाटलं होतं. ती थोडा वेळ शिवणयंत्राचं चाक हातानं मागं-पुढं करत राहिली. मग म्हणाली, "पोरगा कसा हाय?"

"चांगला आहे," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"चांगलाच असंल. पण मला एकदा जाऊन बघायचं होतं मॅडम. लगीन न करता. नुस्तं मी म्हणून."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर तिनं पाठ आक्रसून घेतली. मध्यस्थाचा हात कुणाला आवडतो?

संक्रांतीनंतर बघण्याचा कार्यक्रम ठरला. मुलीच्या घरी ओसरीवर सतरंज्या पडल्या. एचआर आणि त्याचे चुलते आले. मला मानाची खुर्ची. पोरगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, ओढणी डोक्यावर, नजर खाली. तिनं सगळं रीतीनं केलं. नाव, शिक्षण, मामाचं गाव. मुलाच्या चुलत्यांनी विचारलं, शिवण येतं का? ती म्हणाली, येतं. एचआर काही विचारत नव्हता. तो घामाघूम झाला होता. शेवटी सगळे गप्प झाले तेव्हा आता आपणही काही बोललं पाहिजे असं त्याला वाटलं असावं, आणि रोजच्या सवयीचं वाक्य त्याच्या तोंडून निघालं.

"तुम्हाला काही विचारायचंय का?"

असं बघायला आलेले सगळेच म्हणतात, नाही असं नाही. मुलगी मान हलवते, ती आत जाते, की झालं. पण हे म्हणण्याची त्याची तऱ्हा थेट कंपनीतली होती. मी खुर्चीत ताठ झाले. पोरीनं मान वर केली. त्याच्याकडं नाही, आधी माझ्याकडं बघितलं. माझ्या वर्गात पाठ उभी करून बसायला शिकवलंय तशी ती बसली.

"तुमची नोकरी कायम हाय का?"

ओसरीवरचे सगळे हात पोह्यांत थांबले. मुलाचे चुलते खोटं बोलायला तोंड उघडत होते, हे मला स्पष्ट दिसलं. पण पोरगा त्यांच्याआधी बोलला.

"नाही," तो म्हणाला. "मी एजन्सीकडून आहे. मार्चअखेरपर्यंत मुदत आहे. पुढचं त्यांनी अजून सांगितलेलं नाही."

"आता सगळ्यांचं तसंच असतंय हो," चुलते म्हणाले. "सरकारनंच तसं काढलंय."

तात्यांनी बशी खाली ठेवली. लोकांना नोकरी देणारा माणूस स्वतः उसना आहे, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. पाहुणे गेल्यावर ते ओसरीवर येरझाऱ्या घालत म्हणाले, "पोरीला तसली नोकरी चालती. तिचं काय, चार दिस केली न केली. पण जावायाला कसं चालंल?"

नकार कळवायचं काम अर्थात माझ्याकडं आलं. मी एचआरला फोन लावला आणि बरंच आडवळणानं बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "मॅडम, मी घरी काय सांगू? पत्रिका जुळली नाही म्हणू का?" मी म्हटलं, म्हणा. मला फार वाईट वाटलं. त्यानं खरं सांगितलं होतं आणि त्याला खोटं कारण घेऊन घरी जावं लागत होतं.

आता तरी वाट मोकळी झाली असं मला वाटलं. लग्न टळलं, कंपनीत जागा आहे, वरण ताजं आहे. मी तात्यांकडं गेले. तात्यांनी मला वेड्यात काढलं.

"आवो मॅडम, ज्या पोराला न्हाई म्हणलं, तो बसतोय तिथं पोरगी कोणत्या तोंडानं धाडायची? त्येच्याच हाताखाली? लोक काय म्हणतेल? आन त्येला तरी कसं वाटंल?"

यातलं शेवटचं वाक्य मला खोडता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलगी केंद्रात आली आणि माझ्यावर भडकली. "तुमीच शिकवलं ना विचारायला? किंमत ठरती म्हणलात. ठरली बघा." मी म्हटलं, अगं, तू विचारलंस म्हणून लग्न टळलं. "एक टळलं," ती म्हणाली. "बिलोलीकडचं एक आलंय. दुकान हाय म्हणे. दुकान कायमच असतंय, तिथं मी काय विचारू?"

बिलोलीवाले पाडव्यानंतर येणार होते. मार्चअखेर त्याच सुमाराला. मग मी एक गोष्ट केली जी कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेत नाही. तरुणांना रोजगार मिळावा म्हणून सरकार ज्या बाईला पगार देतं, त्या बाईनं एका तरुणाचा रोजगार जावा म्हणून देव पाण्यात घातले. सकाळी दिवा लावताना मनात यायचंच, त्या पोराची मुदत वाढू नये. मग लगेच दुसरं यायचं, त्याच्या आईनं पण आत्ता दिवाच लावला असेल. मला स्वतःची लाज वाटायची आणि मी परत तेच मागायची. त्याच दिवसांत आमच्या नव्या तुकडीच्या मंजुरीचंही काही कळत नव्हतं, म्हणजे माझीही नोकरी जावी म्हणून कुणीतरी कुठंतरी देव पाण्यात घालून बसलं असेल तर ते मला ठाऊक नाही.

पाडवा झाला. बिलोलीवाल्यांचा निरोप आला, येत्या आठवड्यात येतो. आणि एका दुपारी मी वर्ग आवरत असताना त्या एचआरचा फोन आला.

"मॅडम, कंपनीनं एजन्सी बदलली. माझं संपलं." मग लगेच म्हणाला, "त्या मुलीची जागा अजून भरलेली नाही. त्यांच्या घरच्यांना सांगा, मी आता तिथं नाही. पाठवा म्हणावं."

मी त्याला विचारलं, तुमचं पुढं काय? तो हसला. म्हणाला, "बघतोय. तुमच्या केंद्रात शिकवायला माणूस लागतो का हो?" मी म्हटलं, मंजुरी आली तर सांगते. फोन ठेवल्यावर मी सरावातल्या साहेबाच्या खुर्चीत बसून रडले. देवानं माझं ऐकलं होतं. त्या पोरानं स्वतःहून फोन करायची काही गरज नव्हती. ज्या घरानं त्याला नोकरीवरून नाकारलं त्या घराला, नोकरी गेल्यावर, तो जागा मोकळी असल्याचं कळवत होता.

तात्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पोरगा चांगला होता." आणि आतल्या दिशेनं हाक मारून पोरीला म्हणाले, बॅग भर. बिलोलीवाल्यांना दिवाळीनंतर बघू म्हणून निरोप गेला.

या खेपेला जीप नव्हती. तात्या, ती आणि मी, तिघं एसटीनं गेलो. तिची बॅग तात्यांनी मांडीवर घेतली होती, खाली ठेवायला तयार नव्हते. ती खिडकीशी बसली होती. नांदेड जवळ आल्यावर म्हणाली, "मॅडम, त्यो खरं बोलला नसता तर?"

"तर तू आज लग्नाच्या पत्रिका वाटत असतीस."

ती हसली नाही.

कचेरीत त्याच खुर्चीवर आता नवा एचआर होता. हाही तेवढाच तरुण, तीच गळ्यातली पट्टी, फक्त शर्टाचा रंग वेगळा. त्यानं चहा मागवला. तात्यांनी कप लगेच उचलला. मग त्यानं कागद तिच्यापुढं सरकवले. नियुक्तीचा कागद, मुदत, रात्रपाळीची संमती. तात्यांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडं गेला. त्यांनी ते काढलं आणि तिच्या हातात दिलं.

ती सावकाश वाचत होती. मुदतीच्या ओळीवर तिचं बोट थांबलं, तसंच राहिलं. मी तिच्या शेजारी होते, मला ती ओळ दिसत होती. तिला माहीत होतं काय विचारायचं, आणि विचारून काय उत्तर येणार हेही माहीत होतं, कारण समोर बसलेल्या पोराचीसुद्धा तीच गत असणार हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

नवा एचआर हसून म्हणाला, "तुम्हाला काही विचारायचंय का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"न्हाई," ती म्हणाली, आणि सही केली.